दोन वाजून पाच मिनिटांची नळी

दिनांक ११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार. दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. रद्द नमुन्यांच्या रॅकमध्ये सात नळ्या होत्या.

जयवंतराव पालकरांनी त्या आधी डावीकडून उजवीकडे मोजल्या आणि मग उजवीकडून डावीकडे. पाच नळ्यांतले रक्त गोठलेले होते. सहावीवर नाव नव्हते. सातवी त्यांनी ट्यूबलाइटकडे धरली. तांबड्या पेशी खाली बसल्या होत्या, वर पिवळसर, स्वच्छ प्लाझ्मा दिसत होता, आणि भरणा बरोबर रेषेपर्यंत होता. नाव होते: चारुलता दीनानाथ चिटणीस, वय अठ्ठावन्न, तिसरा मजला. चाचणी होती: ट्रोपोनिन. नमुना घेतल्याची वेळ होती: दोन वाजून पाच. आणि त्यावर संगणकाने छापलेली पट्टी होती: 'पुनरावृत्ती. रद्द.'

"शिवांगी!"

शिवांगी दुसऱ्या मशीनपाशी होती. ती धावतच आली आणि आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाली, "सर, हळू बोला ने, बाहेर पेशंट बसलेत."

"ही नळी कोणी रद्द केली?"

"मी नाही, सर. सिस्टिमनं. ह्याच पेशंटचं ट्रोपोनिन सकाळी आठ वीसला झालंय. नऊ आलं होतं, म्हणजे चौदाच्या आत, नॉर्मल. बारा तासांत तीच टेस्ट परत आली की ती आपोआप..."

"सिस्टिमनं नळी उचलून ह्या रॅकमध्ये ठेवली? हात आहेत तिला?"

"ठेवली मी. स्क्रीनवर लाल आलं म्हणून ठेवली. एमां माझा काय वांक, काय दोष, सर?"

"सकाळी ह्या बाईंचा डी-डायमर कोणी लावला?"

"मीच."

"किती आला?"

"नऊ हजारांच्या वर. पाचशेच्या आत हवा होता. तुम्हीच तर कॅज्युअल्टीला फोन केला होता."

"आणि सीटीत काय निघालं?"

"दोन्ही फुफ्फुसांच्या धमन्यांत रक्ताच्या गाठी."

"मग फुफ्फुसात गाठी निघालेल्या बाईचं ट्रोपोनिन डॉक्टर सहा तासांनी पुन्हा का मागतात? हौस म्हणून?"

शिवांगीने नळीवरची पट्टी पुन्हा वाचली. चोवीस वर्षांची ती मुलगी कामाला चोख होती आणि लाल अक्षरांवर तिचा विश्वास होता. त्या विश्वासाचाच जयवंतरावांना त्या क्षणी संताप आला. त्यांनी नळी तिच्या हातात दिली.

"फिरवायला लाव. पाच मिनिटं. मग मशीनवर. आणि ह्याच नळीतून एनटी-प्रोबीएनपी पण लाव."

"ऑर्डर नाही, सर. मशीन घेणार नाही."

"हातानं टाक. नाव, क्रमांक, वेळ. टाकणाऱ्याच्या जागी लिही, ज. ग. पालकर."

"घोरपडेसाहेब ओरडतील."

"ओरडू देत. घसा त्यांचा आहे."

शिवांगीला आता आपणही काही करावे असे वाटू लागले होते. "सर, लॅक्टेट पण करू का यातूनच?"

"दोन तास उभ्या असलेल्या नळीतून? पेशी नळीतसुद्धा साखर खात राहतात आणि लॅक्टेट सोडत राहतात. तो आकडा बाईंचा नसेल, नळीचा असेल. लॅक्टेटला ताजं रक्त हवं, बर्फात. ते मी मागवतो."

चार वाजून वीस मिनिटांनी नळी मशीनमध्ये गेली. निकालाला अठरा मिनिटे लागणार होती.

संगणक ज्या यादीवरून नळ्या रद्द करत होता ती यादी जयवंतरावांचीच होती, हे इथे सांगितले पाहिजे. मार्च २०२१ मध्ये रुग्णालयातल्या वॉर्डांना एक खोड लागली होती. निकालाला जरा उशीर झाला की वॉर्डातून त्याच चाचणीची दुसरी नळी येई आणि मग तिसरी. माणसांना उगाच टोचले जाई. जयवंतरावांना अव्यवस्था सहन होत नसे. तंत्रनिकेतनात उपकरणशास्त्राची पदविका घेतलेला आणि पुढे प्रयोगशाळेत रमलेला हा माणूस. एका रविवारी तरसालीच्या घरी जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी एक पानी सूचना लिहिली. एकाच रुग्णाची तीच चाचणी बारा तासांत पुन्हा आल्यास ती थांबवावी आणि वॉर्डाचा खोळंबा होऊ नये म्हणून आधीचा निकाल दाखवावा. सोबत एकतीस चाचण्यांची यादी जोडली. ती त्यांनी चाचण्यांच्या छापील पुस्तिकेतून क्रमाने उतरवून काढली होती. रुग्णालयाच्या वर्धापनदिनी त्यांना शाल आणि श्रीफळ मिळाले.

अठ्ठाविसाव्या ओळीत ट्रोपोनिन होते.

दाब एकदाच वाचून कळत नाही, त्याला आधीचा आणि नंतरचा आकडा लागतो, हे तंत्रनिकेतनाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. ट्रोपोनिनचेही तेच. जयवंतरावांना ते ठाऊक होते. पण त्या रविवारी ते ओळी उतरवत होते, माणसे नव्हेत. चूक लक्षात यायला तीन वर्षे लागली. छातीत दुखणाऱ्या एका गृहस्थाची दुसरी नळी अशीच रद्द झाली. त्या गृहस्थाचे नशीब असे की त्याचा डॉक्टर स्वतः जिना उतरून भांडायला खाली आला. त्याच दिवशी, ३ जून २०२४ रोजी, जयवंतरावांनी ट्रोपोनिन यादीतून काढावे म्हणून प्रशासनाला पत्र दिले. मग १९ ऑगस्टला दुसरे. मग २ डिसेंबरला तिसरे. पहिल्याला उत्तर आले नाही. दुसऱ्यावर 'कंपनीस कळविले आहे' असा शेरा आला. तिसऱ्याला प्रशासकीय व्यवस्थापक समरजित घोरपडे तोंडी म्हणाले, "काका, पुढच्या अपडेटमध्ये होऊन जाईल."

तेव्हापासून पाळी बदलताना चार वाजता रद्द नळ्या स्वतः मोजायच्या, असा नियम जयवंतरावांनी स्वतःला घालून घेतला होता. ही नळी दोन बावीसला रद्द झाली होती. नियम चारचा होता. दोनचा का नव्हता, तीनचा का नव्हता, हा प्रश्न त्यांच्या कानशिलात ठणकत होता.

खिडकीच्या काचेवर कोणीतरी बोटाने टकटक केली. बाहेर तिशीची एक बाई उभी होती. खांद्याला ऑफिसची बॅग, हातात चुरगळलेला कागद. तिने आधी गुजरातीत सुरुवात केली, मग त्यांच्या छातीवरचा नावाचा बिल्ला वाचून ती थांबली.

"काका, तुम्ही मराठी का? बरं झालं. मी अस्मिता. चारुलता चिटणीस माझी आई. वर तिसऱ्या मजल्यावर आहे. तिचा दुसरा रिपोर्ट आला का? मी अडीचपासून तीन चकरा मारल्या. शेवटी खिडकीवरच्या भाईंनी हा कागद दिला नि म्हणाले, नॉर्मल छे, टेन्शन ना लो."

"कसला कागद?"

तिने तो काचेखालून आत सरकवला. जयवंतरावांनी चष्मा वर केला आणि कागद डोळ्यांजवळ धरला. ट्रोपोनिन: ९. नमुन्याची वेळ: दुपारी २.०५.

त्यांनी तो तीनदा वाचला.

आकडा सकाळचा होता आणि वेळ दुपारची होती. संगणक नळी नुसती रद्द करत नव्हता. तो जुना आकडा उचलून नव्या वेळेखाली छापत होता. 'आधीचा निकाल दाखवावा', असे त्यांनी लिहिले होते. तो आधीच्या वेळेसकट दाखवावा, असे लिहिले नव्हते, कारण ते लिहावे लागेल असे त्यांना वाटलेच नव्हते. वॉर्डात जाणारा हा कागद चार वर्षांत त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. प्रयोगशाळेचा माणूस वॉर्डात जातो कशाला?

"काका? नॉर्मलच आहे ना? कारण आईला धाप तर वाढतेय. सकाळी बोलत होती, आता एक वाक्य बोलली की थांबते. डॉक्टर म्हणतात, बीपी छान आहे, रिपोर्ट दोन्ही नॉर्मल आहेत, घाबरून तसं होतं. आई घाबरणारी नाही हो. पाणीगेटच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलंय तिनं. तिला पोरं घाबरायची."

"पायाला काही झालं होतं का त्यांच्या?"

"तीन आठवड्यांपूर्वी पाय मोडला. प्लास्टर आहे. तुम्हाला कसं कळलं?"

"गाठ बहुतेक तिथूनच निघते. ऐका, अस्मिताताई. सकाळच्या रक्तात कळलं की गाठ आहे. पण ती गाठ हृदयाला किती जड जातेय, हे त्या चाचणीत कळत नाही. ते दुसऱ्या आकड्यांवरून ठरतं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन रक्तात झिरपतं, पण त्याला काही तास लागतात. सकाळी ते दिसलं नसेल. दुपारी दिसेल. म्हणून दुसरी नळी."

"पण दुसऱ्यात पण नऊच..."

"हा कागद खोटा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे दुपारची नळी अजून मशीनमध्ये आहे. दहा मिनिटं द्या. तुम्ही वर जा, आईजवळ बसा. त्यांना उठू देऊ नका, बाथरूमलासुद्धा नाही. मी वर येतो."

"खोटा कागद दिला तुम्ही लोकांनी?" तिचा आवाज चढला. मागच्या बाकावरची माणसे वळून पाहू लागली. "दोन तास मी इथे अन् तिथे नाचतेय, आणि तुम्ही म्हणता खोटा आहे?"

"हो," जयवंतराव म्हणाले. "जा वर."

चार अडतीसला मशीनने आकडे दिले. ट्रोपोनिन: १८६. एनटी-प्रोबीएनपी: ३९४०.

शिवांगीने पडद्यावर बोट ठेवले आणि काढून घेतले. पहिला आकडा चौदाच्या आत हवा होता. दुसरा सहाशेच्या वर गेला की या आजारात काळजी करायची. हृदयाची भिंत ताणली गेली की तो वाढतो. चारुलताबाईंच्या हृदयाची उजवी बाजू बंद झालेल्या वाटेवर रक्त ढकलत होती, आणि हे दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनीच नळीत लिहिलेले होते.

जयवंतरावांनी धोक्याच्या आकड्यांची वही ओढली आणि फोन फिरवला. या वहीचा एक नियम होता. फोन घेणाऱ्याने आकडा परत वाचून दाखवायचा आणि मगच त्याचे नाव वहीत लिहायचे. फोन निवासी डॉक्टर विहंग दिघे यांनी घेतला.

"डॉक्टर, लॅबमधून पालकर. चारुलता चिटणीस, दोन पाचचा नमुना. ट्रोपोनिन एकशे शहाऐंशी, प्रोबीएनपी तीन हजार नऊशे चाळीस. परत वाचा."

"काका, काहीतरी गोंधळ आहे. दोन पाचचं माझ्यासमोर आहे. नऊ आहे."

"समोर आहे ते चुकीचं आहे. परत वाचा."

"अरे काका, सिस्टिममध्ये नऊ आहे! बीपी एकशे दहा आहे. इको उद्या सकाळी होणार आहे. दुसऱ्या कोणाची नळी असेल ती, जरा चेक करा ने. माझ्याकडे पाच अॅडमिशन उभ्या आहेत."

"नळीवर नाव आहे. तुम्ही आकडा वाचा!"

फोन ठेवला गेला. जयवंतरावांनी वहीत वेळ लिहिली, ४.४२, आणि 'परत वाचून दाखवले' या रकान्यात 'नाही' असे लिहिले. राग आला की त्यांचे अक्षर अधिक सुवाच्य होई. ते 'नाही' एखाद्या पाटीवर रंगवल्यासारखे उमटले. मग त्यांनी पडद्यावरचे आकडे छापून घेतले, थर्मासमध्ये बर्फ भरला, लॅक्टेटसाठी राखाडी बुचाची एक रिकामी नळी खिशात टाकली आणि ते निघाले. लिफ्टपाशी रांग होती. एकसष्ट वर्षांचा तो माणूस तीन मजले जिन्याने चढला.

चौतीस वर्षांत नळीची मालकीण त्यांनी कधी पाहिली नव्हती. चारुलताबाई तीन उशांना टेकून बसल्या होत्या. नाकाला प्राणवायूची नळी होती. उजवा पाय प्लास्टरमध्ये. केस नीट विंचरलेले. मानेची शीर दोरीसारखी फुगली होती.

"आई, हे लॅबचे काका," अस्मिता म्हणाली.

"असं का?" त्या थांबल्या, श्वास घेतला. "म्हणजे माझं रक्त सकाळपासून... तुमच्याकडेच मुक्कामाला आहे." पुन्हा श्वास. "बसा ना. मी उठत नाही, राग मानू नका."

जयवंतरावांनी हात जोडले आणि ते नर्सच्या टेबलाकडे वळले. विहंग तिथे उभा होता.

"काका, तुम्ही वर कशाला..."

"तुमचा कागद इथे ठेवा. हा माझा त्याच्या शेजारी ठेवा. आता बघा. सकाळचा आकडा नऊ. दुपारचा पण नेमका नऊ? सहा तासांत एका अंकाचा फरक नाही? मशीन इतकं गुणी असतं का, डॉक्टर?"

"पण सिस्टिम..."

"सिस्टिमनं दुसरी नळी लावलीच नाही! रद्द केली, आणि सकाळचा आकडा दुपारच्या वेळेवर चिकटवला. मी नळी रॅकमधून काढून हातानं लावली."

"तुम्ही टेक्निशियन आहात, काका. ट्रीटमेंट काय करायची ते..."

"हो, टेक्निशियन आहे. अर्थ तुम्ही लावा, औषध तुम्ही द्या, त्यात मी एक शब्द बोलणार नाही. पण आकडा आधी खरा घ्या. वाचा!"

सगळा वॉर्ड ऐकत होता. विहंगने कागद उचलला. "ट्रोपोनिन एकशे शहाऐंशी," तो म्हणाला. "प्रोबीएनपी तीन हजार नऊशे..." त्याने मान वर करून पलंगाकडे पाहिले आणि बहुधा मानेची ती फुगलेली शीर त्याला तेव्हा दिसली. सत्तावीस वर्षांचा तो मुलगा पुन्हा कागदाकडे वळला. "चाळीस."

जयवंतरावांनी घड्याळ पाहिले. चार बावन्न.

त्यानंतर सगळे पळू लागले. विहंगने स्वतः रक्त काढले, जयवंतराव ती नळी बर्फात धरून खाली गेले आणि पाच वाजून आठ मिनिटांनी त्यांनी लॅक्टेटचा आकडा फोनवर सांगितला: चार पूर्णांक तीन. तो दोनच्या आत हवा होता. शरीराला प्राणवायू पुरत नव्हता, रक्तदाबाचा आकडा मात्र अजून शहाण्या मुलासारखा जागेवर बसून होता. या वेळी फोनवर आकडा लगेच परत वाचला गेला. पाच पंचवीसला चारुलताबाईंना अतिदक्षता विभागात हलवले. मोठे हृदयरोगतज्ज्ञ आले. गाठ विरघळवणारे औषध पाच पन्नासला सुरू झाले. सहा वाजता रक्तदाब घसरला, आणि मग तो वर आला नाही.

सहा बावन्नला सगळे थांबले.

जयवंतरावांची पाळी कधीच संपली होती. ते जिन्यापाशी उभे होते. विहंग बाहेर आला, त्यांना ओलांडून पुढे गेला आणि परत आला.

"काका, मी कागद बघितला होता," तो म्हणाला. "दोनदा बघितला होता."

"माहीत आहे मला," जयवंतराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला समरजित घोरपड्यांनी त्यांना बोलावले. टेबलावर एक टंकलिखित निवेदन तयार होते. खाली 'ज्येष्ठ तंत्रज्ञ' असे छापून सहीची जागा सोडली होती.

"बसा, काका. चहा घेणार?"

"नको."

"फार वाईट झालं. पण असं बघा, पेशंट सीरियसच होता. एवढी मोठी गाठ. हे आपलं एक रुटीन स्टेटमेंट आहे."

जयवंतरावांनी ते वाचले. दुपारी २.०५ चा नमुना खराब असल्याने रद्द करण्यात आला. त्यावर नजरचुकीने हाताने केलेली नोंद ग्राह्य धरू नये व ती काढून टाकण्यात यावी.

"नमुना खराब नव्हता."

"आता ते कोण बघतंय?"

"मी बघितलंय. नळी फ्रीजमध्ये आहे, सात दिवस ठेवायचा नियम आहे. चला खाली, तुम्हीही बघा. खराब प्लाझ्मा कसा दिसतो तेही दाखवतो, म्हणजे पुढच्या वेळी लिहिताना चुकणार नाही."

"काका, शांती राखा. एक नोंद काढायची आहे. तुम्ही हातानं टाकली, तुम्हीच काढा. विदाउट ऑर्डर टेस्ट केली म्हणून उलट तुमच्यावरच येईल. आणि यादी कोणाची होती? सही कोणाची आहे खाली? माझी?"

"माझी." जयवंतरावांचा आवाज आता चढला नव्हता, आणि समरजितना ते जास्त अवघड गेले. "यादी माझी आहे. अठ्ठाविसावी ओळ माझी आहे. ते मी माझ्या निवेदनात पहिल्या वाक्यात लिहिणार आहे. दुसऱ्या वाक्यात माझ्या तीन पत्रांच्या तारखा येतील. तिसऱ्या वाक्यात तुम्ही."

"धमकी देताय?"

"क्रम सांगतोय."

"ही तुमच्या आजोबांची पागा नाही, काका! घोड्यावर बसून हुकूम सोडायला! महाराजांचं सरकार गेलं, पागा गेली. इथे तुमचा करार मार्चअखेरपर्यंत आहे, एवढं लक्षात ठेवा."

जयवंतराव उठले. "आज बारा फेब्रुवारी. म्हणजे अजून सत्तेचाळीस दिवस मी इथला ज्येष्ठ तंत्रज्ञ आहे. माझे आजोबा पागेत नाल ठोकायचे, साहेब, घोड्यावर कधी बसले नाहीत. पण नाल उलटा ठोकला तर घोडा लंगडतो, आणि तो कोणी ठोकला हे सगळ्या पागेला माहीत असतं. नोंद राहील."

नोंद राहिली. त्यांनी ती काढली नाही, आणि ती दुसऱ्या कोणाला काढता येऊ नये म्हणून त्याच दुपारी आपल्या हस्ताक्षरातले तीन पानी निवेदन नोंदणी विभागात देऊन त्यावर पोच घेतली. चारुलताबाईंच्या फाइलला ते जोडले गेले. शुक्रवारी आदेश निघाला. श्री. पालकर यांना यंत्रांच्या कामातून मुक्त करून अहवाल वाटपाच्या खिडकीवर नेमण्यात येत आहे.

ते खिडकीवर बसू लागले. पाद्र्याहून, पाणीगेटहून माणसे येत, पावती सरकवत, कागद घेऊन जात. जयवंतराव प्रत्येक कागदावरची वेळ पावतीवरच्या वेळेशी जुळवून पाहत. रांग वाढे. माणसे कुरकुर करत. "काका, जलदी करो ने!" कोणीतरी मागून ओरडे. ते मान वर न करता पुढची वेळ वाचत. शिवांगी मधूनच आतून येई आणि ट्रोपोनिनच्या नळीला स्क्रीनवर लाल आले की ती आपण स्वतः वर विचारून लावतो, असे हळूच सांगून जाई. यादी अजून तशीच होती. अपडेट अजून यायचे होते.

२२ फेब्रुवारीला, शनिवारी, अकराच्या सुमारास रांगेतून अस्मिता पुढे आली. तिच्या हातात आईच्या फाइलची नक्कल होती. तिने पावती सरकवली नाही. फाइलमधले दोन कागद काढून काचेखालून आत ढकलले.

"ह्यात दोन पाचचे दोन रिपोर्ट आहेत," ती म्हणाली. "एकावर नऊ. एकावर एकशे शहाऐंशी. खरा कोणता?"

"एकशे शहाऐंशीचा."

"मग नऊ कशाला लावलाय?"

"तो तुमच्या आईंच्या डॉक्टरांना दिलेला होता. तोही फाइलमध्ये राहायला हवा. का दिला गेला ते मागे तीन पानांवर लिहिलंय."

"वाचलं मी. पहिल्या ओळीत तुम्ही स्वतःचंच नाव लिहिलंय."

"हो."

"मला वाटलं होतं, तुमचं नाव वाचून मला तुमचा राग येईल." तिने काचेवर हात टेकला. मागची रांग चुळबुळत होती. "येतोच आहे. खूप येतोय."

"यायलाच हवा," जयवंतराव म्हणाले. "तो सोडू नका. ही पानं घेऊन ग्राहक मंचात जा, मेडिकल कौन्सिलकडे जा. मला बोलावलं तर मी येईन. जे लिहिलंय तेच सांगेन."

"एक सांगा मला. वेळेवर कळलं असतं तर आई वाचली असती?"

जयवंतरावांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले आणि त्यांच्या कडा जुळवल्या. होय म्हणणे सोपे होते, नाही म्हणणे त्याहून सोपे होते. दोन्हींसाठी त्यांच्याकडे पुरावा नव्हता.

"ते मला सांगता येणार नाही. ते कोणालाच सांगता येणार नाही, आणि कोणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका. उशीर किती झाला, तेवढं मी सांगू शकतो."

"किती झाला?"

त्यांनी खिशातले पेन काढले आणि खिडकीवर पडलेल्या एका पावतीच्या कोऱ्या पाठीवर आकडे मांडले. नमुना घेतला दोन पाचला. खरा आकडा वॉर्डात वाचला गेला चार बावन्नला. मधली मिनिटे एकशे सदुसष्ट. नळी वेळेवर लावली असती तरी ती खाली येऊन, फिरवून, मशीनमधून निघून आकडा वर पोहोचायला पंचेचाळीस मिनिटे लागलीच असती. ती त्यांनी वजा केली, कारण ती कोणाचीच चूक नव्हती. वजाबाकीखाली रेघ ओढली, आपली सही केली, तारीख घातली आणि पावती काचेखालून बाहेर सरकवली.

एकशे बावीस मिनिटे.